मायनिंग इंजिनिअर ते सीएमडी: कोळसा क्षेत्रातला मोठा अधिकारी नेमका घडतो कुठे?

निळी_छत्री (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, विषय माझ्या भाच्याचा आहे पण इथल्या बऱ्याच घरांत हा प्रश्न येत असणार म्हणून वेगळा धागा काढतेय. पोरानं नागपूरच्या व्हीएनआयटीतून मायनिंग केलं, यंदा संपलं. हातात दोन गोष्टी आहेत, एक म्हणजे गेटच्या स्कोअरवर कोल इंडियात मॅनेजमेंट ट्रेनी, पोस्टिंग देतील तिथे, आणि दुसरी म्हणजे मोठ्या शहरात एनर्जी कन्सल्टिंगची टेबलावरची नोकरी, पगार सुरुवातीला जवळपास सारखाच. त्याला पुढे या क्षेत्रात एखाद्या कंपनीचा डायरेक्टर, सीएमडी (म्हणजे चेअरमन आणि मॅनेजिंग डायरेक्टर) व्हायचंय, हे तो बारावीपासून सांगतोय आणि मेहनती आहे म्हणून मी ते मनावर घेते. माझ्या ताईला मात्र खाण म्हटलं की धडकी भरते.

मी थोडं वाचलं. पी. एम. प्रसाद, जे जुलै २०२३ मध्ये कोल इंडियाचे चेअरमन झाले, ते १९८४ ला उस्मानियातून मायनिंग करून आपल्या नागपूरच्या वेकोलित, म्हणजे कोल इंडियाच्याच वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये, ट्रेनी म्हणून लागले होते. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं लागली. या चाळीस वर्षांत माणूस नक्की काय करतो? कुठल्या वर्षांमुळे तो तिथे पोचतो? जाणकारांनी सविस्तर लिहावं, भाच्याला हा धागा वाचायला देणार आहे.

प्रवासी_वणी

वाचतोय. आमच्या जुन्या मॅनेजर काकांना कुणीतरी हाक मारा.

जुना_मॅनेजर

आलो. चौतीस वर्षं कोळशात काढली, जीएम म्हणून निवृत्त झालो, बोर्डावर पोचलो नाही हे आधीच सांगतो म्हणजे माझं बोलणं त्या मापानं घ्याल.

ताई, तुमच्या भाच्याला सांगा की ट्रेनी म्हणून गेल्यावर पहिलं वर्ष पायी चालायचं असतं. लॅम्प रूममधून कॅप लॅम्प आणि सेल्फ रेस्क्यूअर घ्यायचा, हजेरी लावायची, आणि सरदाराच्या मागे मागे इनक्लाइननं, म्हणजे उतरत्या बोगद्यानं, फेसपर्यंत जायचं, जिथे कोळसा कापतात तिथे. सरदार म्हणजे आपल्या डिस्ट्रिक्टची, म्हणजे खाणीतल्या आपल्या भागाची, पाळी सांभाळणारा माणूस, त्याच्या वर ओव्हरमन. सरदार हातातल्या काठीनं छत ठोकून बघतो, आवाज टणक आला तर ठीक, पोकळ आला तर तिथला दगड आधी पाडून घ्यायचा किंवा आधार द्यायचा आणि मगच खाली माणूस उभा करायचा. हा आवाज ओळखायला मला सहा-सात महिने लागले. पुस्तकातून येत नाही.

मग परीक्षा. गॅस टेस्टिंग, फर्स्ट एड, सेकंड क्लास, आणि शेवटी फर्स्ट क्लास मॅनेजर्स सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट देते डीजीएमएस, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय, मुख्यालय धनबादला. कंपनीचा त्यात काडीचा संबंध नाही, चेअरमनच्या ओळखीनंही मिळत नाही, आणि खाली काम केल्याचा अनुभव दाखवल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. आमच्यात एखाद्याबद्दल बोलताना पहिला प्रश्न हाच असतो, 'फर्स्ट क्लास कधी झाला?' प्रसादांचं तुम्ही लिहिलंत ना, ते १९८८ मध्ये फर्स्ट क्लास झाले, म्हणजे लागल्यापासून चार वर्षांत. माझ्या लेखी त्या चरित्रातली चेअरमनपदाइतकीच महत्त्वाची ओळ ती आहे.

का म्हणून विचाराल. १९५२ च्या माइन्स ॲक्टनं खाणीला एक मॅनेजर नेमावाच लागायचा, नियमाप्रमाणे सर्टिफिकेट असलेला, त्याशिवाय खाण चालवता यायची नाही. ओनर, एजंट आणि मॅनेजर ही कायद्यातली तीन माणसं. तीस वर्षांचा पोरगा मॅनेजर झाला की खाली उतरलेल्या चारशे-पाचशे माणसांची कायदेशीर जबाबदारी त्याच्या सहीवर येते, नियम मोडल्यामुळे माणूस दगावला तर कैदेची तरतूद आहे. हे दुसऱ्या कुठल्या नोकरीत इतक्या लवकर येत नाही. कन्सल्टिंगमध्ये तर नाहीच.

आकडेमोड

काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडं वेगळं मांडते. मी फायनान्सची आहे, वीज कंपनीत. कोल इंडियाचे आजवरचे जे नावाजलेले चेअरमन आहेत त्यातले पार्थ भट्टाचार्य हे मायनिंगवाले नव्हतेच. फिजिक्सची पदवी, त्यावर कॉस्ट अकाउंटन्सी, १९७७ ला मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून आले आणि फायनान्सच्या वाटेनं वर गेले. २००३ ला धनबादच्या बीसीसीएलचे (भारत कोकिंग कोल, कोल इंडियाचीच कंपनी) सीएमडी झाले तेव्हा ती कंपनी इतक्या वर्षांच्या तोट्यात होती की भांडवल खाऊन संपलं होतं, ती त्यांनी नफ्यात आणली. मग २००६ ला कोल इंडियाचे चेअरमन. २०१० चा आयपीओ त्यांच्याच काळात आला, २४५ रुपयांनी शेअर दिला, १५ हजार कोटींच्या वर पैसे उभे राहिले, पुढे अकरा वर्षं म्हणजे २०२१ पर्यंत भारतातला सगळ्यात मोठा आयपीओ तोच होता. कोळसा म्हणजे पैसाही आहे. रेल्वे साइडिंगवर पडलेला कोळसा, वीज केंद्रांकडची थकबाकी, रेक म्हणजे मालगाडी मिळाली की नाही, ओबी म्हणजे कोळशावरची माती-दगड काढायचा खर्च, हे ज्याला वाचता येत नाही त्याला फर्स्ट क्लास असूनही कंपनी चालवता येणार नाही.

त्यामुळे भाच्यानं कुठलीही वाट घ्यावी पण बॅलन्स शीट शिकावी, पहिल्या पाच वर्षांतच.

जुना_मॅनेजर

@आकडेमोड, मान्य. भट्टाचार्यांबद्दल आमच्या पिढीला अभिमानच आहे. पण एक बघा, ते फायनान्सचे असले तरी सगळी वर्षं कोळशातच काढलेले होते, धनबादची खाण, युनियन, आग, पाणी सगळं जवळून पाहिलेलं. बाहेरून थेट वरच्या खुर्चीत आलेल्या माणसाला ते साधायला वेळ लागतो.

निळी_छत्री

पण बाहेरून येतातच की. मधल्या काळात आयएएस अधिकारीही चेअरमन होते ना?

आकडेमोड

हो. नरसिंग राव २०१२ मध्ये, सुतीर्थ भट्टाचार्य २०१५ मध्ये, प्रमोद अग्रवाल २०२० मध्ये, तिघेही आयएएस. त्यातले सुतीर्थ भट्टाचार्य त्याआधी सिंगरेणी या दुसऱ्या सरकारी कोळसा कंपनीचे सीएमडी होते, म्हणजे कोळसा नवा नव्हता. नेहमीची पद्धत अशी की डायरेक्टर आणि सीएमडीच्या जागांना पीईएसबी, म्हणजे सार्वजनिक उपक्रम निवड मंडळ, मुलाखत घेतं, नाव सुचवतं, मग व्हिजिलन्सचं, म्हणजे दक्षता विभागाचं, क्लिअरन्स आणि शेवटी मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीची मंजुरी. वय साठ झालं की घरी, त्यामुळे हिशेब असा पडतो की पंचावन्नच्या आसपास जीएम होऊन पुढच्या मुलाखतीला उभं राहता आलं तरच पुढचं. एकदा व्हिजिलन्सची केस लागली आणि दोन वर्षं रेंगाळली तर निर्दोष सुटूनही गाडी चुकलेली असते. हे भाच्याला आत्ताच माहीत असावं.

शिवारातला

मी कोळशातला नाही जी, पण कोळसा आमच्या खालीच निघाला म्हणून बोलतो.

आमचं वावर ओपनकास्टमधे, म्हणजे उघड्या खाणीत, गेलं. १९५७ चा कोल बेअरिंग ॲक्ट आहे, त्याच्यात एकदा नोटिफिकेशन निघालं की जमीन सरकारची न मग कंपनीची, आपण म्हणायचं ते मोबदल्यापुरतं. दोन एकराला एक नोकरी असा हिशेब. आमचे तिघं भाऊ, सव्वापाच एकर, म्हणजे दोन नोकऱ्या न सव्वा एकर असंच गेलं, तिसऱ्या भावानं काय करायचं हे कोणी सांगत नव्हतं. त्या साताठ वर्षात चार एरिया जीएम पाहिले मी. एक साहेब चांगले होते, खरंच चांगले, गावात येऊन चटईवर बसायचे, पुनर्वसनाच्या नकाशावर पाण्याची टाकी कुठं पाह्यजे हे बायांना विचारलं त्यांनी. त्यांची बदली झाली न टाकी नकाशातच राहिली. नवे साहेब म्हणे मला पुन्हा फाइल पहाव लागन.

माझं म्हणणं एवढंच की तुमच्या त्या पीईएसबीच्या मुलाखतीत विचारतात का, की तुमच्या काळात गाव उठवलं त्याचं पुढं काय झालं? किती टन काढले हे विचारत असतीनच. ताई, तुमच्या भाच्याले सांगा, मोठा साहेब हो पण एखाद्या गावात परत जाऊन पाह्य.

जुना_मॅनेजर

@शिवारातला दादा, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि मला उत्तर नाही. मी स्वतः तीन ठिकाणी एरियाला होतो, सरासरी अडीच वर्षं. बढतीच्या कागदावर उत्पादन, ओबी, सेफ्टी, खर्च हे रकाने होते, पुनर्वसन 'इतर' मध्ये यायचं. तिसऱ्या भावासाठी आम्ही नियमात जागा शोधायचो, बऱ्याचदा मिळायची नाही. निवृत्तीनंतर एका गावी गेलो होतो, शाळेची इमारत उभी होती पण शिक्षक नव्हता. माझ्या काळात इमारत झाली म्हणून मी रकाना भरला होता.

शॉवेल_डंपर

काका, तुमची छत ठोकायची गोष्ट भारी आहे पण पोराला खरं चित्र द्या. कोल इंडियानं २०२४-२५ ला ७८ कोटी टन कोळसा काढला, त्यात भूमिगत खाणींचा वाटा पाच टक्क्यांच्याही आत. बाकी सगळं ओपनकास्ट. म्हणजे शॉवेल, डंपर, ड्रॅगलाइन, सरफेस मायनर, हॉल रोडचा चढ किती, पावसाळ्यात संप, म्हणजे खाणीच्या तळाचा पाणी साठायचा खड्डा, कसा रिकामा ठेवायचा, ओबी डंपचा उतार किती. आणि धोका तिथेही आहे, २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडमध्ये राजमहलच्या लालमटियात डंप सरकला, २३ माणसं गेली. आजच्या पोराला डंपच्या भेगा वाचता आल्या पाहिजेत. स्लोप मॉनिटरिंग रडार आहेत आता, पण रडारचा आलेख बघून काम थांबवायचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

जुना_मॅनेजर

बरोबर, दुरुस्ती मान्य. मी माझ्या काळातलं बोलत होतो. पण शेवटचं वाक्य लिहिलंत ना, काम थांबवायचा निर्णय, तिथेच मला यायचं होतं.

एक सांगतो. कुठली खाण ते नको. मॅनेजर होऊन मला दीड वर्ष झालं होतं, डिपिलरिंग चालू, म्हणजे आधी सोडलेले कोळशाचे खांब काढत मागे यायचं आणि मागची पोकळी, आम्ही गोफ म्हणतो, तिला पडू द्यायचं. मार्चचा शेवटचा आठवडा. दुसऱ्या पाळीचा सरदार वर आला आणि म्हणाला साहेब, छत बोलतंय. मी खाली गेलो, ऐकलं, मला खात्रीनं काही सांगता येईना. बारीक तडतड होती, ती तशी रोजच असते. पण तो सरदार सव्वीस वर्षांचा अनुभवी, आणि त्याचा चेहरा मी आधी तसा पाहिला नव्हता. मी डिस्ट्रिक्ट बंद केला, माणसं काढली. वरून फोन सुरू झाले, टार्गेटला किती टन कमी पडतात हे मला तासातासाला सांगण्यात आलं.

छत पडलं नाही. पहिल्या रात्री नाही, दुसऱ्या रात्री नाही. नऊ दिवस पडलं नाही. दहाव्या दिवशी जादा आधार लावून आम्ही परत आत गेलो आणि तो पॅनल व्यवस्थित संपवला. वर्षाच्या शेवटी माझ्या गोपनीय अहवालात 'उत्पादनाबाबत निर्णयक्षमता कमी' असं आलं, आणि पुढे चार वर्षांनी बढतीच्या मुलाखतीत त्या नऊ दिवसांबद्दलच विचारलं गेलं. मी सांगितलं की आजही तसंच करीन. ती बढती एक वर्ष लांबली.

थांबवलं नसतं तर काय झालं असतं ते मला कळलेलं नाही आणि कळणारही नाही. मॅनेजरनं बरोबर निर्णय घेतला की बहुतेक वेळा काहीच घडत नाही, त्यामुळे दाखवायला हातात काही नसतं. हे सोसायची सवय तिशीत लागली तर पुढे डायरेक्टर झाल्यावर दहा खाणींचे मॅनेजर फोन करून 'थांबवलंय' म्हणतात तेव्हा त्यांच्यावर ओरडायच्या आधी माणूस क्षणभर थांबतो.

कॅपलॅम्प

काका, वाचून गलबलून आलं. माझे बाबा ओव्हरमन होते. आमच्या घरी मॅनेजरांची चर्चा व्हायची ती एकाच मापानं, तिसऱ्या पाळीला खाली येतो का नाही. जो रात्री दोनला न सांगता फेसवर यायचा त्याच्याबद्दल बाबा आठवडाभर बोलायचे.

आणि या धाग्यावर जसवंतसिंग गिल यांचं नाव यायलाच हवं. १३ नोव्हेंबर १९८९, राणीगंजची महावीर कोलिअरी, पाणी शिरलं, ७१ माणसं खाली अडकली, त्यातले ६ बुडाले, ६५ जण उंचवट्याच्या जागी वाट बघत राहिले. गिल तेव्हा ॲडिशनल चीफ मायनिंग इंजिनिअर, म्हणजे चांगल्या मोठ्या हुद्द्यावरचे अधिकारी, धनबादच्या आयएसएममधून (इंडियन स्कूल ऑफ माइन्स) शिकलेले. वरून बोअर मारून त्यात जेमतेम एक माणूस मावेल अशी स्टीलची कॅप्सूल सोडायची कल्पना त्यांची. खाली कुणी उतरायचं हा प्रश्न आला तेव्हा वरिष्ठांचा विरोध असताना ते स्वतः उतरले, एकेकाला कॅप्सूलमध्ये बसवून वर पाठवलं, जखमींना आधी, आणि सगळे निघाल्यावर शेवटी स्वतः वर आले. पुढे १९९१ ला सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळालं. २०१९ मध्ये गेले. बाबा त्यांना कधी भेटले नव्हते पण 'गिल साहेब' असंच म्हणायचे, आपल्याच खाणीतले असल्यासारखं.

ते चेअरमन झाले नाहीत. बाबांना चेअरमनांची नावं मात्र एकही पाठ नव्हती.

वरोऱ्याची_पोर

एक बाजू राहतेय ती लिहिते. मी मायनिंग इंजिनिअर आहे, मुलगी. माइन्स ॲक्टच्या कलम ४६ नं बाईला जमिनीखाली कामाला लावायला बंदी होती, उघड्या खाणीतही संध्याकाळी सात ते सकाळी सहा नाही. २९ जानेवारी २०१९ ला केंद्र सरकारनं त्यातून सूट दिली, तेव्हापासून लेखी संमती घेऊन, भूमिगत खाणीत दिवसा टेक्निकल, सुपरव्हायझरी आणि मॅनेजेरियल कामासाठी जाता येऊ लागलं, एका पाळीत किमान तीन जणी असाव्यात अशी अट होती.

वर काका म्हणाले ना, फर्स्ट क्लास म्हणजे पाया. आता विचार करा, ज्या मुलींनी २०१९ च्या आधी डिग्री घेतली त्यांना खाली जायचीच परवानगी नाही, म्हणजे अनुभव नाही, म्हणजे पूर्ण फर्स्ट क्लास नाही, फक्त ओपनकास्टपुरतं रिस्ट्रिक्टेड सर्टिफिकेट. मग प्लॅनिंग, सर्व्हे, ऑफिस. मला आठ वर्षं 'मॅडम, तुम्ही नकाशे छान करता' हे ऐकावं लागलं आणि ते कौतुक म्हणूनच म्हणायचे, वाईट हेतू नव्हता कुणाचा. नकाशावर मी जी गॅलरी, म्हणजे खाणीतला बोगदा, आखायची ती मी कधी बघितलेली नसायची. पहिल्यांदा खाली गेले तेव्हा माझ्याच हातानं आखलेल्या एका जंक्शनला दहा मिनिटं नुसती उभी राहिले.

त्यामुळे पुढची काही वर्षं बोर्डाच्या टेक्निकल जागांवर बायका दिसल्या नाहीत तर 'पात्र उमेदवार नव्हत्या' म्हणू नका, चाळीस वर्षांची शिडी आहे आणि आमच्यासाठी खालची पायरी २०१९ ला लागली.

निळी_छत्री

@वरोऱ्याची_पोर, हे माहीतच नव्हतं. भाच्याच्या वर्गात मुली होत्या, त्यांना हे पाठवते.

एक शेवटची शंका. सगळीकडे म्हणतात कोळसा जाणार, सोलार येणार. तो निवृत्त होईल २०६० नंतर. चाळीस वर्षांची शिडी चढेपर्यंत भिंतच राहिली नाही तर?

आकडेमोड

रास्त शंका. देशाचं उत्पादन २०२४-२५ मध्ये पहिल्यांदा १०० कोटी टनांच्या वर गेलं, म्हणजे लगेच काही थांबत नाही. पण आता सीमा पुसट होतायत. एनटीपीसी वीज कंपनी, तिनं हजारीबागला पकरी बरवाडीहची स्वतःची खाण काढली, आणि प्रसाद २०१५ मध्ये तिथेच गेले होते, खाण सुरू करायला. नंतर बीसीसीएल, सीसीएल या कोल इंडियाच्या कंपन्यांचे सीएमडी होऊन ते वर आले. म्हणजे मधली काही वर्षं कोळशाच्या गिऱ्हाइकाच्या घरात काढली, हे मला फार मोलाचं वाटतं. उलट दिशेनं कोल इंडिया सोलार, गॅसिफिकेशन, क्रिटिकल मिनरल्समध्ये उतरतेय. लिथियम असो की तांबं, ते काढायला खाणच लागते आणि छत, पाणी, हवा, उतार हे प्रश्न थोड्याफार फरकानं तेच.

जुना_मॅनेजर

आणि खाणी बंद करायलाही माणसं लागणार. २००९ पासून क्लोजर प्लॅनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यासाठी एस्क्रो खात्यात पैसे ठेवावे लागतात, पण नीट बंद केलेली खाण म्हणजे पाणी कुठे जाईल, जमीन खचणार नाही ना, आगी विझल्यात ना, कॉलनीतल्या लोकांचं काय, हे सगळं जाणणारे अधिकारी आमच्या पिढीत तयारच झाले नाहीत, आम्हाला फक्त उघडायला शिकवलं. शिवारातला दादांच्या प्रश्नाचा काही भाग तिथेच सुटेल असं मला वाटतं.

शिवारातला

सुटला तं मीच येऊन लिहीन इथं.

निळी_छत्री

अपडेट. भाच्यानं रात्री बसून सगळा धागा वाचला. ट्रेनीचं पत्र स्वीकारतोय. ताईनं गिल साहेबांचं वाचलं आणि ती अजून घाबरली, पण 'जा' म्हणाली. त्याचा एक प्रश्न आहे काकांना, पहिल्या दिवशी सोबत काय न्यावं?

जुना_मॅनेजर

बूट आणि हेल्मेट ते देतील. पायाला बूट नीट बसतो का तेवढं बघ, एक नंबर मोठा दिला तर बदलून माग, लाजू नकोस, इनक्लाइन चढताना घोटा जातो. मोबाइल, काडेपेटी, बिडी-सिगारेट काही खिशात नको, तपासतात आणि तपासायलाच हवं. एक छोटी वही ठेव, वर आल्यावर लिहायला. आणि पहिल्या दिवशी ज्या सरदारासोबत पाठवतील त्यांचं नाव नीट विचारून घे, त्या वहीत पहिलं तेच लिही.